घर विकलं, पण नळ वडिलांच्याच नावावर राहिला : नळपट्टीचं खातं कसं मिटवायचं?

गोदाकाठची (२४ फेब्रुवारी)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

आमचं आईवडिलांचं घर मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. नगरपालिकेची हद्द. पप्पा जानेवारी २०१९ मध्ये गेले. आई दोन वर्षं तिथंच एकटी राहिली, मग मी तिला माझ्याकडे आणलं आणि मार्च २०२१ मध्ये आम्ही घर विकलं. घेणारे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. व्यवहार अगदी सरळ झाला. घरपट्टी पूर्ण भरून बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, घेतली, लाईट बिल भरलं, मीटर त्यांच्या नावावर करून दिलं. रजिस्ट्री झाल्यावर आईनं सरांच्या मिसेसची ओटी भरली आणि किल्ल्या दिल्या.

मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. दारावर नोटीस चिकटवली आहे. पप्पांचं नाव, दोन ग्राहक क्रमांक, नळपट्टीची थकबाकी २९,४०० रुपये. सात दिवसांत भरली नाही तर नळ तोडणार. सर चांगले आहेत, आवाज चढवला नाही, पण म्हणाले, "ताई, हे तुमच्या वडिलांच्या नावाचं आहे, तुम्हीच बघा."

मी पप्पांची फाईल काढली. नळपट्टीची शेवटची पावती २०१८-१९ ची. म्हणजे पप्पा गेल्यावर आईच्या दोन वर्षांत ती भरलीच गेली नाही. आईला घरपट्टी माहीत होती, नळाचं पप्पाच बघायचे. सरांनीही चार वर्षांत भरली नाही. त्यांच्या मते ती घरपट्टीतच येते, आणि त्यांच्या नावानं कधी बिलच आलं नाही.

दुसरा ग्राहक क्रमांक बघून मला आधी काही कळेना. मग आठवलं. मागच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या म्हणून पप्पांनी एक वेगळा अर्ध्या इंची नळ घेतला होता. भाडेकरू गेले, त्याला बूच मारलं, आणि आम्ही सगळे तो विसरून गेलो.

आई सारखी एकच म्हणते, "माणूस गेला, घर गेलं, आणि त्याच्या नावाची थकबाकी दारावर लागली." तिला हे फार लागलंय. कुणी किती भरायचं, आणि हे नाव तिथून निघणार कसं? कृपया माहीतगारांनी सांगावं.

रानवारा

ताई, नोटीस मयत माणसाच्या नावाची, घर दुसऱ्याचं. तुमचा संबंध संपला. घेणाऱ्यानं बघून घ्यायला पाहिजे होतं. सोडून द्या.

बालाघाट

मी नगरपालिकेच्या वसुली विभागात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. रानवारा, असं सोडून दिलं तर पाणी सरांचं बंद होईल. तोडायला येणारा माणूस कागदावरचं नाव बघत नाही, समोरचा नळ बघतो. आणि मग विषय फिरून ताईंच्याच दारात येईल, तोही वकिलाच्या पत्रातून.

ताई, हे का होतं ते आधी सांगतो. घरपट्टीची मागणी नोंदवही कर विभागात असते, नळाचं खातं पाणीपुरवठा विभागात. खोल्या शेजारी शेजारी असल्या तरी वह्या वेगळ्या. लोक इंडेक्स-२ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) घेऊन कर विभागात जातात, नाव लावून घेतात आणि काम झालं म्हणून घरी जातात. नळाच्या वहीला त्याचा पत्ताच नसतो. घराला मालमत्ता क्रमांक, नळाला ग्राहक क्रमांक. बेबाकी ज्या क्रमांकाची मागाल त्याच क्रमांकाची मिळते. काही शहरांत आता दोन्ही बिलं एकत्र येतात, तिथं हा घोळ कमी. पण जिथं वेगळी आहेत तिथं दर मार्चला माझ्या टेबलासमोर माणसं उभी राहायची, घरपट्टीची बेबाकी हातात धरून, "साहेब, आमचं सगळं भरलेलं आहे" म्हणत. मला वाईट वाटायचं, कारण ती खरंच बोलत असायची.

दुसरं असं की आपल्याकडे बहुतेक गावांत घरगुती नळाला मीटर नाही. अर्ध्या इंचाला वर्षाचे ठरलेले पैसे. घराला कुलूप असो, तोटी कोरडी असो, १ एप्रिलला नव्या वर्षाची मागणी त्या खात्यावर चढतेच. बूच मारलं म्हणजे पाणी थांबलं, खातं थांबत नाही. लेखी अर्ज देऊन, मुख्य लाईनवरून जोडणी तोडून घेतली आणि तशी नोंद झाली, तरच ते थांबतं. तुमच्या मागच्या नळाचं हेच झालंय.

आता कायद्याचं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५. विक्रीच्या तारखेपर्यंतची सार्वजनिक देणी विकणाऱ्यानं द्यायची, मालकी गेल्यानंतरची घेणाऱ्यानं. खरेदीखतात याच्या उलट काही लिहिलेलं नसेल तर हाच हिशोब. म्हणजे मार्च २०२१ पर्यंतचं तुमचं, पुढचं सरांचं. हा तुमच्या दोघांतला हिशोब झाला. पालिकेला तुमच्या हिशोबाशी देणंघेणं नाही, तिला खातं कोरं पाहिजे.

महापालिका हद्दीतल्या वाचकांसाठी एक सांगून ठेवतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधल्या कराच्या नियमांप्रमाणे खरेदीखताच्या नोंदणीपासून ३ महिन्यांत हस्तांतरणाची लेखी सूचना द्यावी लागते. ती विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही द्यायची असते. विकणारा गप्प बसला तर मालमत्ता कराची जबाबदारी त्याच्यावर चालू राहते. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १४१ नं मालमत्ता कराचा बोजा इमारतीवरच असतो, त्यामुळे घेणाराही सुटत नाही. नगरपालिकांना १९६५ चा वेगळा कायदा आहे. पण विकणाऱ्यानं स्वतः लेखी कळवून पोच घ्यावी, हे मी दोन्हीकडच्या लोकांना सांगेन.

रानवारा

काका, हे माहीत नव्हतं. माझे शब्द मागे घेतो. आम्हीही २०२२ मध्ये प्लॉट विकलाय, उद्याच नळाचं बघतो.

दस्तलेखक_बीड

ताई, खरेदीखत काढा आणि मिळकतीच्या चतुःसीमेनंतरचं पान वाचा. तिथं बहुतेक असं वाक्य असतं : "सदर मिळकतीवरील आज रोजीपर्यंतची घरपट्टी, नळपट्टी, वीजबिल व इतर सर्व देणी लिहून देणार यांनी भरावयाची असून यापुढील लिहून घेणार यांनी भरावयाची आहेत." रोज चार दस्त लिहायलोय, हे वाक्य आमच्या हाताला पाठ आहे. पण रजिस्ट्रीच्या टेबलावर ते कुणीच नीट वाचत नाही. सगळ्यांचं लक्ष चेककडे आणि अंगठ्याकडे.

आता मी एक बदल केलाय. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मालमत्ता क्रमांकासोबत नळाचा ग्राहक क्रमांक आणायला सांगतो आणि तो दस्तात टाकतो. "एक अर्धा इंची नळजोडणी, ग्राहक क्रमांक अमुक, थकबाकी निरंक." बोअर असेल तर बोअर, हौद असेल तर हौद, सगळं लिहितो. दोन नळ असतील तर दोन्ही. क्रमांक लिहायला बसलं की विकणाऱ्यालाच आठवतं, अरे, मागं अजून एक होता. तुमच्या दस्तात हा क्रमांक लिहिलेला असता तर त्याच दिवशी मागचा नळ सापडला असता.

इसार देतानाच ठरवून घ्यावं. इसार पावतीवर एक ओळ पुरते : नळपट्टीची बेबाकी रजिस्ट्रीच्या आधी देणार. एकदा पूर्ण रक्कम हातात पडली की मग कुणीही कितीही भला असला तरी पालिकेच्या खेपा घालायला वेळ मिळत नाही. मी स्वतः पक्षकारांना शेवटचे दहा-पंधरा हजार नळ नावावर होईपर्यंत ठेवून घ्यायला सांगतो. दोघांचीही संमती असेल तर यात काही वावगं नाही.

लातूरची_सून

आम्ही घेणारे होतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी इथं नवीन लग्न होऊन आले होते. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. ते दिवस ज्यांनी काढले ते घर बघायला गेले की हॉल किती मोठा हे नंतर विचारतात. आधी विचारतात, नळ किती दिवसाआड येतो, हौद किती हजाराचा, बोअरला पाणी कितीवर लागलं.

आम्ही घर घेतलं ते २०१८ ला. सासऱ्यांनी एक गोष्ट केली जी मी आता सगळ्यांना सांगते. इसार द्यायच्या आधी त्यांनी मालकाला विचारलं, तुमच्या गल्लीला नळ कधी सुटणार? आणि त्या दिवशी पहाटे चारला ते स्वतः जाऊन उभे राहिले. नळ सुटला. त्या घराच्या तोटीला पाणी आलंच नाही. शेजाऱ्याच्या नळीतून हौद भरायचा आणि महिन्याला शेजाऱ्याला पैसे. मालकानं सांगितलं ते असं, की दुष्काळात पाणीच नव्हतं तर पट्टी कशाची म्हणून भरली नाही, ती साठत गेली आणि पुढे नळ बंद झाला. घर चांगलं होतं, माणूस खोटं बोलणाराही नव्हता. पण दाखवायला दाखवतात ते घर, आणि नळाची तोटी भिंतीला दिसते म्हणून आपण धरून चालतो की कनेक्शन आहे.

आम्ही थकबाकीची रक्कम किमतीतून वजा करून घेतली, स्वतः भरली आणि पुन्हा जोडणी घेतली. रस्ता खोदून परत करायचा खर्चही त्यातच धरला होता. तो धरायला लोक विसरतात.

एन७वाला

छत्रपती संभाजीनगरचं सांगतो. सिडकोतली घरं मूळ लीजची. लीजवरचं घर विकताना सिडकोच्या दप्तरी हस्तांतरण करावं लागतं. पण २००६ पासून इथल्या नागरी सुविधा महापालिकेकडे आहेत, म्हणून घरपट्टी आणि पाणीपट्टी महापालिकेत. माझ्या ओळखीच्या दोघांनी सिडकोचं हस्तांतरण झालं की सगळं झालं असं समजून पुढचं सोडून दिलं होतं.

थकबाकी मोजताना आणखी एक लक्षात ठेवा. इथं घरगुती पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपये होती, २०२२ मध्ये ती निम्मी होऊन २,०२५ झाली. मी घर घेताना चालू दर गुणिले थकलेली वर्षं असा हिशोब करून मालकाशी बोललो आणि आकडा चुकला, कारण आधीची वर्षं जुन्या दरानं होती. म्हणून अंदाज करू नका, वर्षवार मागणीचा उतारा मागा.

गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीशिवाय गुंठा-गुंठा पाडून विकलेल्या प्लॉटांचं, तर विचारू नका. शंभराच्या बाँडवर तीन तीन हात बदललेली घरं आहेत. इंडेक्स-२ नाही, म्हणून नळ पहिल्या प्लॉटवाल्याच्या नावावर. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. ज्यांचं नियमितीकरण झालं त्यांनी त्याच कागदावर नळाचंही करून घ्यावं. आमचे मेव्हणे पाच वर्षांपासून कुण्या भलत्याच माणसाच्या नावानं पट्टी भरताहेत. पावत्या सगळ्या जपून ठेवल्यात, पण एकीवरही स्वतःचं नाव नाही.

ज्वारीचं_रान

आमचं खेडं हिंगोलीकडचं. ग्रामपंचायतीत जरा सोपं आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टी एकाच माणसाकडे, पावती एकच, नमुना १०. नमुना ८ ला, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या वहीला, नाव लागलं की ग्रामसेवक नळाचंही तिथंच बदलतो, सांगितलं तर. न सांगितलं तर आज्याचं नाव नातवापर्यंत चालतं. जलजीवन योजनेचे नळ आल्यापासून मात्र घर विकायच्या वेळी नळ कुणाच्या नावावर हे लोक विचारायलेत. आधी तसं कुणी विचारत नव्हतं.

गोदाकाठची (२७ फेब्रुवारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. बालाघाट काका, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं.

खरेदीखत काढलं. दस्तलेखक दादांनी सांगितलेलं वाक्य अगदी तसंच आहे, पान सहावर. खाली आम्हा तिघांच्या सह्या. मी, भाऊ आणि आई. आम्ही कुणीच ते वाचलं नव्हतं.

उतारा मागवला. एका नळाला वर्षाला १,८०० रुपये. दोन नळ, सहा वर्षं, मूळ रक्कम २१,६००. वर विलंब आकार ७,८००.

समोरच्या नळाचं उघड आहे. दोन वर्षांचे ३,६०० आमचे, चार वर्षांचे ७,२०० सरांचे. त्यांनी ते लगेच मान्य केलं. मागच्या नळाचेही पहिल्या दोन वर्षांचे ३,६०० आमचे. अडलंय ते मागच्या नळाच्या पुढच्या चार वर्षांवर, ७,२०० रुपये. कायद्यानं बघितलं तर विक्रीनंतरचं, म्हणजे सरांचं. पण सरांना तो नळ आहे हेच माहीत नव्हतं. त्याचं एक थेंब पाणी त्यांनी घेतलेलं नाही.

तो नळ कुठं होता ते लिहिते. मागच्या भिंतीला लागून शहाबादी फरशी होती, ती उचलली की खाली हातभर खोल खड्डा. आमच्या गल्लीत पाण्याला दाब कमी, म्हणून सगळ्यांनीच असे खड्डे करून तोटी खाली घेतलेली. भाडेकरू काकू त्या खड्ड्यात उकिडव्या बसून तांब्यानं घागर भरायच्या. पाणी दुपारी सुटलं तर आई त्यांच्या लेकराला मांडीवर घेऊन वरती बसायची. नंतर पप्पांनी बूच मारून फरशी परत बसवली. सरांनी त्यावर टाईल्स टाकल्यात. त्यांना कसं कळणार?

भाऊ म्हणतो, कायदा कायद्यासारखा, निम्मं निम्मं करू. मला ते बरोबर वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा

निम्मं निम्मं.

दस्तलेखक_बीड

दस्ताप्रमाणे सरांचं. पण दस्तात त्या नळाचा उल्लेख नाही, हे विसरू नका. जी वस्तू विकताना सांगितलीच नाही तिचं देणं घेणाऱ्यावर टाकायचं म्हटलं तर सर म्हणतील, मला लपवून ठेवलं. तुम्ही लपवलेलं नाही, विसरलात. कागदावर मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

लातूरची_सून

ताई, घेणाऱ्या घरातली बाई म्हणून सांगते. दारावर नोटीस चिकटली की ती पूर्ण गल्ली वाचते. नाव कुणाचं आहे हे कुणी बघत नाही, दार कुणाचं ते बघतात. सरांच्या घरच्यांनी ते आठवडाभर सोसलंय, न वापरलेल्या नळासाठी. माझं मत, मागचा नळ पूर्ण तुम्ही घ्या.

बालाघाट

माझंही मत तेच. आता पैशापेक्षा कामाचं बोलू, कारण नुसते पैसे भरले आणि खातं तसंच ठेवलं तर १ एप्रिलला मागच्या नळावर परत १,८०० चढतील. मार्च संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे.

दोन अर्ज वेगवेगळे द्या. एक समोरच्या नळाच्या मालकी हक्कात बदल करण्याचा, दुसरा मागची जोडणी कायमस्वरूपी खंडित करण्याचा. एकाच अर्जात दोन्ही लिहिलं तर एकच काम होतं, दुसरं फाईलमध्ये राहतं. हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे.

पहिल्यासोबत खरेदीखताची प्रत, इंडेक्स-२, सरांच्या नावाची चालू घरपट्टीची पावती, वडिलांचा मृत्यू दाखला आणि तुम्ही तिघा वारसांचं संमतीपत्र. नळ वडिलांच्या नावावर आणि विकलं तुम्ही तिघांनी, म्हणून मधला धागा जोडून द्यावा लागतो. वडिलांनी जोडणी घेताना अनामत भरली असेल तर तिची पावती फाईलमध्ये शोधा, संमतीपत्रात तिचाही उल्लेख करा. दुसऱ्या अर्जात स्थळ पाहणीची मागणी करा. पाणी वर्षानुवर्षं वापरात नाही हे लाईनमननं जागेवर बघून लिहिलं तर विलंब आकार कमी करून मागायला आधार मिळतो. लोकअदालत कधी आहे ते विचारा, तिथं अशी प्रकरणं ठेवता येतात.

आणि पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. नळाच्या मालकी हक्कात बदल, जोडणी खंडित करणं, थकबाकी नसल्याचा दाखला, या सगळ्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवा आहेत. काम किती दिवसांत होणार हे पोचवर लिहून द्यावं लागतं. नाही झालं तर पहिलं अपील, दुसरं अपील त्याच कार्यालयात वरच्यांकडे, पुढे लोकसेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. अर्ज देतानाच भांडायची गरज नाही. या कायद्याचं नाव अर्जाच्या पहिल्या ओळीत असलं की पुरतं.

नोटिशीची मुदत जवळ आहे, म्हणून आजच एक साधं पत्र द्या : दोन्ही पक्ष मिळून थकबाकी भरतोय, तोपर्यंत नळ तोडू नये. शक्य असेल तर सोबत काही रक्कम भरून पावती जोडा. पाच हजार भरलेल्या माणसाचा नळ मार्चमध्ये कुणी तोडत नाही, माझ्या अनुभवात तरी.

एन७वाला

काका, हे सोन्यासारखं लिहिलंत. एक विचारतो. फ्लॅट असेल तर? सोसायटीच्या नावावर एकच मोठी जोडणी असते.

बालाघाट

मग खातं सोसायटीचं. फ्लॅट विकणाऱ्यानं सोसायटीकडून ना-देय दाखला घ्यायचा आणि घेणाऱ्यानं सोसायटीलाच विचारायचं, पालिकेचं पाण्याचं बिल भरलेलं आहे का. आपला मेंटेनन्स भरलेला असला तरी सोसायटीनं पुढे भरलेलं असेलच असं नाही. ती पावती डोळ्यानं बघावी.

ज्वारीचं_रान

आमच्या तालुक्याला राहणाऱ्या भावानं हा धागा वाचला आन् म्हणला, आपल्याही घराला दोन नळ आहेत, एक कुणाच्या नावावर ते बघावं लागंल. आज्याच्या नावावर निघाला.

गोदाकाठची (२९ मार्च)

काम झालं, म्हणून शेवटचं लिहिते.

मी आणि भाऊ दोघं गेलो. सर शाळेतून अर्धी रजा टाकून आले. पत्र आणि पाच हजार आम्ही आधीच भरले होते, त्यामुळे नळ चालू राहिला. दोन्ही अर्ज वेगळे दिले, पोच घेतली. टेबलावरच्या मुलीनं पहिल्या ओळीतलं अधिनियमाचं नाव वाचलं आणि तारीख टाकून दिली. लोकअदालतीत विलंब आकार निम्मा झाला, ३,९०० राहिले.

मागच्या नळाची सहाही वर्षं आम्ही घेतली. सर आधी नको म्हणाले, मग ऐकलं. पण विलंब आकारात त्यांनी स्वतःहून वाटा घेतला. त्यांची चार वर्षं ७,२०० आणि वर १,३००. आमचे १४,४०० आणि २,६००. हिशोब कागदावर मांडला तेव्हा दिसलं की सरांचे ८,५००, भावाचे ८,५०० आणि माझे ८,५००. तिघांत सारखे.

जोडणी तोडायला लाईनमन आले तेव्हा मागचा नळ कुठून घेतलाय हे नकाशात नव्हतं. त्यांच्यासोबत एक म्हातारे प्लंबर मामा होते. ते गल्लीत दोन पावलं मागं पुढं चालले आणि टाचेनं खूण केली. तिथंच खोदलं, तिथंच निघाला. मामा म्हणाले, हा मीच बसवलेला, तुमचे वडील वरती छत्री धरून उभे होते. सरांच्या टाईल्सना हात लावावा लागला नाही. रस्त्यातूनच तोडून तोंड बंद केलं, आणि नोंदवहीत लाल शाईनं "कायम बंद" लिहिलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

समोरच्या नळाची नवी पावती परवा आली. सरांनी फोटो पाठवला. ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात त्यांचं नाव, खाली थकबाकी निरंक. आईला चष्मा लावून दाखवला. तिनं बराच वेळ बघितला, मग मला सरांच्या मिसेसना फोन लावायला सांगितला.

मला वाटलं पप्पांबद्दल काही बोलेल. तिनं विचारलं, "वहिनी, नळ अजून मंगळवारीच सुटतो का हो? आणि दाब कसाय?"